शेवंतीच्या दिवसांतला मासा

शेवंतीला गोड वास नसतो. लोक ती देवाला वाहतात, बायका वेणीत घालतात, पण नाक अगदी जवळ नेलं तर वास कडवट लागतो. थोडा कापरासारखा, थोडा हातात चुरगळलेल्या पाल्यासारखा. दिवाळी सरली, सकाळी गार फरशीवर पाय ठेववेना झाला, की आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर फुलवाली ओल्या गोणपाटावर पिवळा-पांढरा ढीग मांडून बसते. मी भाजीची पिशवी घेऊन तिच्यासमोरून जाते आणि दरवर्षी त्या कडवट वासाच्या आतून मला दुसरा एक वास येतो, जो तिथं नसतोच. हिरवट पाण्याचा, मिठाचा, निळ्या औषधाचा. 

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मखमलाबादला आमचा मळा होता. पाटाच्या पाण्यावर शेवंती, झेंडू, बांधाला थोडी मेथी-कोथिंबीर. मी शहरात कॉलेजला जायचे, पण शेवंतीच्या दिवसांत आधी फुलं खुडायची आणि मग कॉलेज. दव असतानाच खुडायची, नाहीतर फूल मलूल होतं. बोटं इतकी गारठायची की देठ तुटला ते हाताला कळायचं नाही, कानाला कळायचं. उजाडता उजाडता अण्णा, म्हणजे आमचे वडील, गाडीवर पाटी बांधून फुलं शहरात गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या बाजारात घेऊन जायचे.

शैलाताई आली ती भाऊबीज उलटून गेल्यावर. माझी थोरली बहीण. इगतपुरीहून जीपनं आली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात दुधाची किटली. किटली तिनं पोटाशी धरली होती.

"दूध कशाला आनलं येवढ्या लांबून?" आई म्हणाली आणि तिनं झाकण उघडलं. आत एक नारिंगी मासा होता.

"मनूचा आहे," ताई म्हणाली. "भज्या."

"आन् मनू?"

ताईनं किटली ओट्यावर ठेवली. पदरानं तिच्या कडेचं पाणी पुसलं. "मनू तिकडंच आहे."

भावोजी रेल्वेत होते. स्थळ अण्णांनीच शोधलं होतं. नोकरी पक्की, राहायला क्वार्टर, वर्षातले चार महिने घाटमाथ्यावरच्या पावसात ओल धरणाऱ्या भिंती, पण पक्क्या भिंती. भावोजींचं कल्याणला दुसरं घर होतं, तिथं दुसरी बाई होती. इगतपुरीत ते सगळ्यांना माहीत होतं, ताईला सगळ्यात शेवटी कळलं. तिनं विचारलं तेव्हा सासू म्हणाली, "पटत असंल तर ऱ्हा, नायतर जा. पोरगी आमच्या घरची हाय, ती नाय मिळायची."

मनू तेव्हा पहिलीत होती. आई जाणार एवढं तिला कळलं होतं, कशासाठी ते नाही. भज्या तिला तिच्या वाढदिवसाला मिळालेला. स्टेशनवरच्या कढईत तळल्या जाणाऱ्या भज्यांसारखा रंग, म्हणून भज्या. आजीला तो मासा घरात नकोच होता. मनूनंच त्याला किटलीत घातलं आणि म्हणाली, "याला तू ने. इथं कोण बघणार त्याच्याकडं? मी सुट्टीत आले की मला दे."

ताईनं हे आम्हाला एकदाच सांगितलं. पुन्हा कुणी विचारलं नाही.

अण्णा दुसऱ्या दिवशी फुलं देऊन परतले ते काचेची टाकी घेऊनच. गोणपाटात गुंडाळून, पाटीच्या जागी बांधून. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी ती पुढच्या खोलीत माझ्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवली, माझी पुस्तकं खिडकीत रचली आणि ते मळ्यात निघून गेले. जावयाबद्दल ते तेव्हा बोलले नाहीत, पुढंही नाहीत. मामा म्हणत होते, कोर्टात जाऊ. अण्णा म्हणाले, "येवढुशा पोरीला कोर्टाच्या पायऱ्या दाखवायच्या का? बसून बोलू. माणसंच हायेत ती." बसून बोलणं झालं, दोनतीनदा झालं. प्रत्येक वेळी चहा झाला.

दर रविवारी सकाळी ताई गावातल्या एसटीडी बूथवर जायची. मी बरोबर असायचे. इगतपुरीला शेजारच्या क्वार्टरमध्ये फोन होता. त्या घरच्या बाई चांगल्या होत्या, मनूला हाक मारून आणायच्या. पण मनूबरोबर आजीही यायची आणि शेजारी उभी राहायची. त्यामुळे मायलेकींना काही बोलता यायचं नाही. आठवण येते का, रडतेस का, कुणी रागावतं का, यातलं एकही विचारायची सोय नव्हती. मग मनू विचारायची, "भज्या काय करतो?"

आणि ताई सांगायची. भज्या आज काचेला तोंड लावून बसला होता. भज्यानं आजोबांना बघितलं की तो वर येतो. भज्याला कुरमुरा दिला तर थुंकून टाकतो. तिकडून मनूचं हसू यायचं, बूथच्या काचेच्या दारातून मलाही ऐकू येईल इतकं. ती सगळी माया, सगळी विचारपूस त्या एका माशाच्या पाठीवरून ये-जा करत होती आणि फोनपाशी उभ्या असलेल्या आजीला त्यात अडवण्यासारखं काही सापडत नव्हतं.

म्हणून आठवडाभर ताई भज्याकडे नीट बघायची. रविवारी सांगायला काहीतरी लागायचं.

पौष लागला तशी थंडी वाढली. द्राक्षवाल्यांनी बागांमधून शेकोट्या पेटवल्या. सकाळी पाटाच्या कडेला धूर जमिनीवरच लोळत असायचा. अशा एका सकाळी ताईनं मला खोलीत बोलावलं. भज्या टाकीच्या तळाशी बसला होता, पंख अंगाशी घट्ट धरून, थंडीत माणूस शाल ओढून बसतं तसा. शेपटीवर, पाठीवर रवा सांडावा तसे पांढरे ठिपके.

अण्णा वाकून बराच वेळ बघत राहिले. "झाडाला काय झालं ते पान सांगतं," ते म्हणाले. "याचं काय समजंना."

शहरातल्या द्वारकेच्या चौकातून आत वळलं की टायरवाल्यांच्या आणि ट्रान्सपोर्टच्या गाळ्यांमध्ये एक अरुंद दुकान होतं. अण्णांनी टाकी तिथूनच आणलेली. बाहेर ट्रकांचे हॉर्न, डिझेलचा धूर, आणि आत पाऊल टाकलं की नुसती बुडबुड. भिंतभर टाक्या, प्रत्येकीत दिवा. दुकानदार रफिकभाई, मध्यम वयाचे, बाह्या कायम ओल्या. मी ठिपक्यांचं सांगितलं.

"सफेद दाना आहे ताई," ते म्हणाले. "थंडीत होतोच. पाणी गरम ठेवा, खडेमीठ टाका. आणि हे निळं औषध, थेंब थेंब. जास्ती नको. जास्ती झालं तर बिमारी पण जाईल आणि मच्छी पण जाईल."

मग आमच्या घरात एक नवं काम सुरू झालं. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं, सकाळी त्यातून वाफा निघतात. फुलं खुडून झाली की ताई कळशीभर पाणी ओढायची. फवारणीच्या पंपाची जुनी नळी तोंडानं ओढून मी टाकीतलं थोडं पाणी काढायचे, ती वरून नवं सोडायची, हळूहळू, हाताच्या आडोशानं. मग मीठ. मग औषधाचे थेंब. पाणी निळं व्हायचं आणि त्यात भज्या विस्तवासारखा दिसायचा. झाकणावर अण्णांनी मोठा बल्ब लावून दिला. वीज गेली की, आणि ती जायचीच, आई चुलीवर पाणी तापवून बाटल्यांत भरायची आणि ताई त्या बाटल्या टाकीत सोडायची.

आईचा सुरुवातीला विरोध होता. "मानसाला औषध घालाया येळ नाय, आन् माशाचं काय कवतिक," असं म्हणायची. पण एका संध्याकाळी मी खोलीत आले तर ती टाकीसमोर उभी होती. मुठीत खडेमीठ घेऊन भज्याची दृष्ट काढत होती. दृष्टीचं मीठ चुलीत टाकायचं असतं. तिनं क्षणभर विचार केला आणि ते पाण्यात टाकलं. मला बघून म्हणाली, "न्हाईतरी टाकायचंच व्हतं ना."

ताईची बोटं शेवंतीच्या चिकानं काळी पडलेली असायची, त्यात आता निळा रंग बसला. ती हात पुन्हा पुन्हा धुवायची, साबण लावायची, राख लावायची. माशाला बाधू नये म्हणून. त्या दिवसांत ती जेवताना बोलायला लागली होती. सकाळी उठल्यावर तिला काहीतरी करायचं असायचं. तिच्या बाकीच्या दुःखावर कुठंच औषध मिळत नव्हतं. या एकाला निदान एक बाटली होती, तिच्यावर किती घालायचं ते लिहिलं होतं.

आणि ठिपके गेले. हळूहळू, शेपटीवरचे आधी, मग पाठीवरचे. भज्या वर आला, त्यानं दाणा खाल्ला. रविवारी ताईनं बूथमध्ये ते सांगितलं तेव्हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मोकळा होता. "बरा झाला बघ मनू. मी बरा केला त्याला." परत येताना तिनं वाटेत मटार घेतले, त्या दिवशी घरात मटारची उसळ झाली.

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आता मोठी टाकी असते. परवा मी तिथं नंबर येईपर्यंत बसले होते. समोर मासे फिरत होते, काचेपाशी येऊन वळत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बघत राहिलं की मन कसं शांत होतं, नाही?" मी हो म्हणाले. माझं होत नाही. मी प्रत्येकाचं पोट बघते, खवले बघते. कुणी कोपऱ्यात तर बसला नाही ना, ते बघते. मुलानं लहानपणी टाकी हवी म्हणून हट्ट केला होता, तेव्हा मी त्याला सायकल घेऊन दिली.

संक्रांतीच्या सुमारास भज्याचं पोट फुगायला लागलं. आधी आम्हाला वाटलं, तब्येत सुधारली. मग खवले उभे राहिले. एकेक खवला अंगापासून सुटून बाहेर आलेला, वरून बघितलं तर सीताफळासारखा दिसायचा. डोळेही बाहेर आले. तो तिरका पोहायचा, थकायचा, थांबायचा.

मी पुन्हा द्वारकेला गेले, या वेळी ताईही आली. रफिकभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि औषधांच्या फळीकडे हात नेला नाही.

"हे आतलं दुखणं आहे," ते म्हणाले. "आत पाणी भरतं. मीठ टाकत राहा. मटार उकडून, साल काढून, बारीक करून द्या. खाल्ला तर खाल्ला."

"औषध नाही?" ताईनं विचारलं.

"आहे. पण मी देणार नाही. यातून उठलेली मच्छी मी नाही बघितली." मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "असाच दुसरा आहे माझ्याकडे. सेम कलर. घेऊन जा."

"नको," ताई म्हणाली.

तरीही ती मटार उकडत राहिली. नखानं साल काढायची, दाणा बोटांत चिरडायची, पाण्यावर सोडायची. दाणा भज्याच्या तोंडापाशी जायचा आणि तळाला बसायचा. ती तो चमच्यानं काढायची आणि थोड्या वेळानं दुसरा टाकायची.

त्या रविवारी मनूनं नेहमीसारखं विचारलं.  "आजारी आहे," ताई म्हणाली.

"औषध दे ना."

"देते ना रोज."

 आणि मग तिकडून, हळू, "मी येऊ?"

ताईनं फोन दोन्ही हातांनी धरला. ती काही बोलायच्या आत मागून आजीचा आवाज आला, "बास झालं, ठेव आता." फोन ठेवला गेला. ताई बूथमधून बाहेर आली ती घरापर्यंत जवळजवळ पळतच. अण्णा अंगणात फुलांची पाटी निवडत होते. "ती येते म्हणाली," ताई म्हणाली. "स्वतः म्हणाली. मासा बघायला. दोन दिवस तरी पाठवतील ना, अण्णा? माशासाठी?"

अण्णांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. पण त्या शनिवारी त्यांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, पांढऱ्या शेवंतीची सगळ्यात चांगली पाटी भरली आणि ते इगतपुरीला गेले. ताईनं मनूसाठी काढलेल्या अंथरुणाला ऊन दाखवलं. आईनं गुळाची पोळी केली. मी टाकीची काच बाहेरून पुसून काढली. भज्या तळाला आडवा होता, कल्ले हलत होते. ताई अधूनमधून जाऊन बघून यायची. तिला वाटत होतं, त्यानं फक्त संध्याकाळपर्यंत धीर धरावा.

दिवस मावळताना अण्णा परत आले. एकटे. पाटी रिकामी होती.

"भेटली का?" आईनं विचारलं.

"कसाऱ्याला धाडलीय म्हनं. आत्याकडं." ते पायऱ्यांवर बसले, चपला काढल्या. "मी येनार म्हनून निरोप धाडला व्हता ना. म्हनून."

"फुलं?"

"ठिवून घेतली."

 मग अण्णा म्हणाले, "चहा दिला त्यांनी. चांगला दिला." आणि ते हातपाय धुवायला मागं गेले. तिथं ते इतका वेळ थांबले की आईनं मला बघायला पाठवलं. ते हौदापाशी नुसते उभे होते.

भज्या त्यानंतर फार राहिला नाही. दुपारची वेळ होती, आम्ही मळ्यात वाफ्याला पाणी देत होतो. ताई घरात पाणी प्यायला म्हणून गेली आणि लवकर बाहेर आली नाही. मी गेले तेव्हा तिच्या तळहातावर तो होता. एवढे दिवस तिनं त्याला हात लावला नव्हता, माणसाच्या हाताची उष्णता त्यांना सोसत नाही असं कुणीतरी सांगितलं होतं. "किती हलका आहे गं," ती म्हणाली. "एवढा फुगला होता, तरी."

अण्णांनी वाफ्याच्या कडेला कुदळीनं जागा करून दिली. आई म्हणाली, फोनवर सांगू नकोस, लेकराचं मन मोडंल. मी म्हणाले, रफिकभाईंकडचा आणू या, अजून उशीर झालेला नाही. ताई दोघींचं ऐकत होती, मान हलवत होती. रविवारी बूथमध्ये शिरताना तिनं काय ठरवलंय ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

"भज्या काय करतो?"

"भज्या गेला, मनू."

"कुठं?"

ताईनं डोळे मिटले. "मेला. मी खूप केलं त्याचं. पण मेला."

"बरं," मनू म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मग आता?"

 

पुढच्या रविवारी मनू फोनवर आली. जेवलीस का, हो. अभ्यास करतेस का, हो.  बूथवाल्याच्या यंत्रावरचे लाल आकडे बदलत राहिले. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. ताई आठवडाभर गोष्टी गोळा करायची, शेळीला करडू झालं, पाटाला पाणी आलं, पण मनूला ती शेळीही माहीत नव्हती आणि पाटही आठवत नव्हता. तिला धड न आठवणाऱ्या त्या घरात तिची एकच वस्तू होती. हळूहळू मनू खेळायला गेलीय, मनू झोपलीय, अशी उत्तरं येऊ लागली. ती खरीही असतील. मुलं खेळायला जातातच. उन्हाळ्यात शेजारच्या त्या बाईंची बदली झाली आणि तो नंबरच बंद पडला. पुढं भावोजींचीही बदली भुसावळला झाली.

सुट्टीत मनू आली नाही. त्या सुट्टीतही नाही, नंतरच्याही नाही. एकदोनदा नात्यातल्या कार्यात दिसली, आजीच्या मागं उभी, आमच्याकडे अनोळखी माणसांकडे बघावं तशी बघत. ताई जवळ गेली की ती आणखी मागं सरकायची. ताईनं मग जवळ जाणं सोडलं. दोन हजार साल उलटलं, मळ्याच्या अर्ध्या भागावर बंगले उभे राहिले, अण्णा गेले. ताई उरलेल्या वाफ्यांत शेवंती लावते, हार-वेण्या करते, लग्नसराईत तिला मान वर करायला सवड नसते.

गेल्या थंडीत गंगापूर रोडच्या एका लॉनवर मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं, नवरदेव ताईच्या सासरच्या नात्यातला. जेवणं चालली होती. एक उंच मुलगी गर्दीतून सरळ आमच्याकडे आली. मी ओळखलं नाही. ताईनं ओळखलं, तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. मुलीनं वाकून आधी ताईला नमस्कार केला, मग मला.

"कशा आहात तुम्ही?" तिनं ताईला विचारलं.

"बरी आहे. तू?"

"मी पण. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे."

"छान," ताई म्हणाली. "छान."

"येते मग. आजी थांबलीय." ती हसली, अगदी मनापासून हसली, आणि गेली. तिच्या मनात राग नव्हता. ताईबद्दल तिच्या मनात काहीच नव्हतं.

परतताना रिक्षात ताई बाहेर बघत बसली होती. गार वारा येत होता, तिनं शाल कानावरून घेतली होती. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "स्वतः आली बघ. पाया पडली."

"हो."

"तुम्ही म्हणाली मला."

मी तिच्या शालीचं सुटलेलं टोक आत खोचलं.

"चांगलं वळण लावलंय गं त्यांनी तिला," ताई म्हणाली.